डबल्सवर घर चालतं का?

देवगडहून एका आईंनी विचारलंय: "माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. १८ वर्षांखालच्या स्पर्धांत सिंगल्सला पहिल्या-दुसऱ्या फेरीपुढे जात नाही. पण कणकवलीच्या मित्राबरोबर डबल्समध्ये गेल्या वर्षभरात दोनदा फायनल खेळला. त्याचे कोच म्हणतात, सिंगल्स सोड, डबल्समध्येच करिअर कर. आमची दीडशे हापूसची कलमं आहेत, दुसरं उत्पन्न नाही. डबल्स खेळून घर चालतं का? आणि चालत असेल तर आम्ही किती वर्षं पैसे घालायचे?"

ताई, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते तुम्हाला कळेल. वयाच्या तेविसाव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत मी डबल्स खेळलो. छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, काही भारतात, काही बाहेर. माझं रँकिंग सहाशेच्या आत कधी आलं नाही. मग रत्नागिरीला परत आलो. त्याला आता १८ वर्षं झाली, तेव्हापासून मुलांना शिकवतोय.

डबल्सवर घर चालतं, पण जगातल्या पहिल्या शंभर-सव्वाशे खेळाडूंचं. कारण साधं आहे. ग्रँड स्लॅम स्पर्धेत डबल्सला ६४ जोड्या घेतात, म्हणजे १२८ माणसं, आणि त्यातल्या बऱ्याच जागा सिंगल्सचे खेळाडू भरतात. वर्षातल्या त्या चार स्पर्धांचा पैसा हाच डबल्सवाल्याच्या कमाईचा कणा. तिथे ज्याला दरवर्षी प्रवेश मिळतो त्याचं भागतं. ज्याला मिळत नाही तो घरून पैसे मागवतो. मी सातही वर्षं मागवले.

दुसरं म्हणजे सतराव्या वर्षी सिंगल्स सोडायचं नाही. कोचनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल, पण मला ते पटत नाही. आज डबल्समध्ये आपण ज्यांची नावं घेतो ते सगळे सिंगल्सच्या भट्टीतून निघालेत. रोहन बोपण्णाचं सिंगल्समधलं सर्वोत्तम रँकिंग २१३ होतं. अमेरिकेच्या जुळ्या ब्रायन भावांतला बॉब ११६ पर्यंत गेला होता. युकी भांबरी तर २००९ साली ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता आणि २०१८ मध्ये सिंगल्समध्ये जगात ८३ वा. गुडघ्याने दगा दिला म्हणून तो डबल्सकडे वळला आणि २०२५ च्या यूएस ओपनमध्ये मायकल व्हीनसबरोबर उपांत्य फेरी खेळला. तेव्हा सिंगल्समध्ये जमत नाही म्हणून डबल्स, हा हिशेब पुढे चुकतो. समोरून जी सर्व्ह येते ती कधीकाळी सिंगल्समध्ये दोनशे-तीनशेच्या घरात असलेल्या माणसाची असते.

व्यवहारही बघा. १५ हजार डॉलरच्या स्पर्धेला, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर, तुम्ही सोमवारी पोचता आणि मंगळवारी डबल्सची पहिली फेरी खेळता. तासाभरात हरलात की आठवड्याचा प्रवास, खोली, जेवण हे सगळं त्या एका तासापायी. मुलगा सिंगल्सची पात्रता फेरीही खेळत असेल तर निदान दोन-तीन मॅच अंगाला लागतात. शिवाय या पातळीवर डबल्सच्या प्रवेशाला सिंगल्सचं रँकिंगही चालतं. जो फक्त डबल्सवर बसून राहतो त्याला पहिली दोन वर्षं ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या खेळाडूंच्या यादीत, शिरणंच कठीण जातं.

आता खेळाकडे येतो, कारण तुमच्या मुलाला डबल्समध्ये खरंच काही आहे का हे तिथेच ठरेल. दोनदा फायनल खेळला म्हणजे काहीतरी आहेच. पण ज्युनियरमध्ये डबल्स जिंकायला कधीकधी दोन चिवट मुलं पुरतात. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभं राहून चेंडू परत करत राहायचं, समोरचे चुकतात. आपल्या कोकणातली मुलं यात पटाईत असतात, आणि त्याला इथली हवाही कारण आहे. दुपारनंतर खारा, दमट वारा सुटला की चेंडू फुगतो, जड होतो, सर्व्ह मारली तरी पळत नाही. मग मूल आपोआप मागे उभं राहून रॅली खेळायला शिकतं. मोठ्यांच्या डबल्समध्ये हे अजिबात चालत नाही.

सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६. नऊ फूट वाढले, पण राखायला दोन माणसं आली. त्यामुळे पळायची जागा कमी आणि विचार करायची वेळ त्याहून कमी. सिंगल्समध्ये सर्व्हवर तिरका, खोल, उंच रिटर्न मारला की काम झालं. डबल्समध्ये तोच रिटर्न नेटजवळ उभा असलेला माणूस मधेच तोडतो आणि तुमच्या जोडीदाराच्या पायात मारतो. इथे रिटर्न नेटला चाटून जावा लागतो आणि पुढे धावत येणाऱ्या सर्व्हरच्या बुटांपाशी बसावा लागतो. मी नवीन मुलगा आला की त्याची सर्व्ह बघत नाही, हा रिटर्न बघतो. दहापैकी सहा बुटांपाशी बसत असतील तर त्याच्या डबल्सबद्दल पुढे बोलायला अर्थ आहे. तुमच्या मुलाचे दहा रिटर्न कोणाकडून तरी मोजून घ्या, एकदा नव्हे, आठवडाभर रोज.

नंतर पहिली व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आतच मारलेला फटका. नंतर लॉब, समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं, चेंडू आपल्याकडे नसताना आपण काय करतो. जानेवारी २०१९ मध्ये मी सहा मुलांना घेऊन पुण्याला बालेवाडीला गेलो होतो. बोपण्णा आणि दिविज शरण तिथे महाराष्ट्र ओपन खेळत होते आणि त्यांनी ती जिंकलीही. मुलांना सांगितलं होतं, ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्याकडे बघायचं नाही, दुसऱ्याचे पाय बघायचे. पहिला अर्धा तास कोणाला ते जमेना. मग एक मुलगी म्हणाली, "सर, तो तर सारखा हलतोय." बस, तेवढं कळलं तर एसटीचं तिकीट वसूल.

माझं आजोळ मालवणजवळ वायरीचं. रापण तुम्ही देवगडला पाहिली असेलच. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते. एक दोर या रांगेच्या हातात, दुसरा दूर किनाऱ्यावरच्या दुसऱ्या रांगेच्या. दोन्हीकडून ओढायला लागायचं आणि ओढता ओढता दोन्ही रांगांनी एकमेकींकडे सरकत यायचं. एका बाजूने जोर जास्त झाला की जाळं तिरकं येतं आणि मासळी सुटते. माझा मामा ओरडायचा तो जोर लावा म्हणून नाही, पलीकडच्या रांगेकडे बघा म्हणून. मी पुढे परदेशी कोचांकडून डबल्सचं जे काही ऐकलं, ते सगळं मला त्या वाळूत उभं राहून आधीच कळलेलं होतं. जोडीदार चेंडूमागे बाहेरच्या रेषेकडे गेला की तुम्ही मध्याकडे सरकायचं. तो मागे गेला की तुम्हीही मागे. दोघांच्या मधला दोर सैल पडला की समोरचा नेमका तिथून मारतो, त्याला तेवढंच हवं असतं.

टीव्हीवर दिसतं ते हाताच्या खुणांचं प्रकरणही हेच. नेटवरचा खेळाडू पाठीमागे मूठ किंवा पंजा दाखवतो: मी जाणार, मी थांबणार, तू मध्यावर सर्व्ह कर. कधी तो मधल्या रेषेवर गुडघ्यांवर वाकून बसतो, त्याला आय फॉर्मेशन म्हणतात, आणि सर्व्ह झाल्यावर तो डावीकडे जाणार की उजवीकडे ते समोरच्याला कळत नाही. यात सगळा भरवसा मागच्यावर असतो. तुम्ही खाली वाकलेले असता आणि तुमच्या डोक्यावरून ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास चेंडू जाणार असतो. जोडीदाराने ठरल्या जागी सर्व्ह टाकली नाही तर तुमची उडी चुकते आणि अख्ख्या स्टेडियमला वाटतं, चूक तुमची.

म्हणून या धंद्यात भांडवल दोनच, शरीर आणि जोडीदार. शरीराचं पुढे बोलतो. जोडीदाराबद्दल कोणी नीट सांगत नाही.

डबल्सचं रँकिंग प्रत्येकाचं वेगळं असतं, जोडीचं नसतं. जिंकल्यावर दोघांना सारखे गुण मिळतात, पण ते आपापल्या खात्यात जातात. स्पर्धेत प्रवेश मिळवायचा तर दोघांच्या रँकिंगची बेरीज करतात आणि ती बेरीज ठरावीक आकड्याच्या आत यावी लागते, त्याला सगळे 'कट' म्हणतात. याचा परिणाम काय होतो बघा. तुमचं रँकिंग ३०० आणि जोडीदाराचं १८०. त्याला १५० वाला कोणी भेटला की त्याची बेरीज ४८० वरून ३३० वर येते आणि तो वरच्या स्पर्धेत खेळू शकतो. तो तुम्हाला सोडतो. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही, त्याचंही घर असतं.

माझ्या बाबतीत हे एका परदेशी स्पर्धेत घडलं. रात्री नऊ वाजता जोडीदाराचा निरोप आला की तो दुसऱ्याबरोबर नाव देतोय. आम्ही दोन वर्षं एकत्र खेळलो होतो, एका खोलीत राहिलो होतो, मी त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. मला फार लागलं ते, आजही लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाव नोंदवायचं होतं. मी खेळाडूंच्या खोलीत भेटेल त्याला विचारत फिरलो आणि एक अनोळखी मुलगा तयार झाला. कोर्टवर उतरल्यावर कळलं की तोही माझ्यासारखाच बॅकहँडच्या बाजूने खेळणारा. दोघांपैकी एकाला फोरहँडच्या बाजूला जावंच लागतं आणि सेट चालू असताना रिटर्नची बाजू बदलता येत नाही. मी गेलो. पन्नास मिनिटांत हरलो. त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी रिटर्न करायला लावतो, बारा वर्षांच्या मुलालासुद्धा.

वरच्या पातळीवरही जोड्या जुळतात आणि तुटतात. लिएंडर पेस आणि महेश भूपती १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोचले, त्यातल्या फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. तरीही ही जोडी टिकली नाही. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगीस यांनी सलग ४१ सामने जिंकले, विम्बल्डन २०१५, यूएस ओपन २०१५, ऑस्ट्रेलियन ओपन २०१६ अशी तीन ग्रँड स्लॅम लागोपाठ उचलली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्या वेगळ्या झाल्या. उलटंही होतं. ब्रिटनचा हेन्री पॅटन आणि फिनलंडचा हॅरी हेलिओवारा २०२४ च्या एप्रिलमध्ये एकत्र आले आणि जुलैत विम्बल्डन जिंकले, तेही फायनलमध्ये तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून, म्हणजे समोरची जोडी तीनदा विजेतेपदापासून एकाच पॉइंटवर असताना. तुमच्या मुलाचा कणकवलीचा मित्र आज सोन्यासारखा असेल, पण दोघांनी आत्तापासून इतरांबरोबरही खेळलं पाहिजे. महिन्यातली एक स्पर्धा वेगळ्या जोडीदाराबरोबर. याचं दोघांना वाईट वाटणार नाही अशा शब्दांत तुम्हीच समजावा, कोचपेक्षा आईचं ऐकतील.

आता पैसे. २०२५ च्या विम्बल्डनचे आकडे घेऊ. सिंगल्सच्या विजेत्याला ३० लाख पौंड. डबल्सच्या विजेत्या जोडीला मिळून ६ लाख ८० हजार, म्हणजे एकाच्या वाट्याला ३ लाख ४० हजार. सिंगल्समध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार. डबल्समध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला १६,५००, एकाच्या हातात सव्वाआठ हजार, म्हणजे आठवा हिस्सा. त्यातूनही कर कापला जातो. हे शिखरावरचं. तळाला, १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत, अख्खी डबल्स जिंकली तरी जोडीच्या हातात हजारभर डॉलर पडतात. विमानाचं तिकीट, आठवड्याची खोली, रॅकेटच्या तारा हे वजा केलं की काही उरत नाही, बहुतेकदा खिशातूनच जातं. मधल्या चॅलेंजर स्पर्धांमध्ये मुख्य ड्रॉच्या खेळाडूंची राहायची सोय होते, तिथून श्वास घेता येतो. म्हणून माझ्या काळात आम्ही सगळे 'चॅलेंजरला शिरलो की सुटलो' असं म्हणायचो.

डबल्सवाल्याला थोडं सोपं एवढंच की खर्च वाटून घेता येतो. एक खोली, एक कोच दोघांत, परवडला तर एक फिजिओ चार जणांत. पण वाटून घ्यायलाही दुसरा भरवशाचा लागतो, म्हणजे पुन्हा जोडीदारावरच आलं.

किती वर्षं पैसे घालायचे, असं तुम्ही विचारलंत. मी माझ्या वडिलांच्या चुकीवरून सांगतो. त्यांनी आकडा ठरवला नव्हता. 'बघू, यंदाचं जाऊ दे' करत सात वर्षं गेली आणि घराच्या मागची जागा विकली गेली. त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही, म्हणूनच मला ते जास्त जड जातं. तुम्ही आकडा आत्ताच ठरवा. एका हंगामाच्या निव्वळ उत्पन्नाचा किती भाग तीन वर्षं द्यायचा ते लिहून ठेवा, मुलासमोर. कलमांवर कर्ज काढू नका. फळमाशी, अवकाळी, थ्रिप्स यांनी एखादा हंगाम गेला तर त्या वर्षी मुलाने परदेशी जायचं नाही, देशातच खेळायचं, हेही आधीच ठरवा. आपल्याकडे सोलापूर, पुण्यासारख्या शहरांत आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यामुळे घरच्या घरी बरंच खेळता येतं.

आता डबल्समधली माझ्या आवडीची गोष्ट. या खेळात घाई नसते. १७ हे वय डबल्ससाठी फार लहान आहे. बोपण्णा पहिल्यांदा ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरी फायनलला पोचला तो २०१० साली यूएस ओपनमध्ये, पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर. तेव्हा तो तिशीत होता. पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम त्याने जिंकलं ते २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर, वयाच्या ४३ व्या वर्षी. त्या स्पर्धेनंतर तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला, त्या क्रमांकावर इतक्या वयाचा आधी कोणीच पोचला नव्हता. पेसने २०१३ चं यूएस ओपन राडेक स्तेपानेकबरोबर चाळिशीत जिंकलं. माइक ब्रायनचा भाऊ बॉब खुब्याच्या दुखापतीने बाहेर बसला तेव्हा माइकने २०१८ मध्ये जॅक सॉकबरोबर विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्ही घेतली, तोही चाळीसचा. आणि वर ज्याचं नाव घेतलं तो हेलिओवारा मधली काही वर्षं टेनिस सोडून विमानतळावर नोकरी करत होता. परत आला आणि विम्बल्डन जिंकला.

हे का शक्य होतं? एकतर पळापळ कमी. दुसरं, २००६ पासून व्यावसायिक टूरवर डबल्समध्ये ४०-४० झालं की पुढच्या एकाच पॉइंटवर गेम संपतो, त्या पॉइंटला कोणत्या बाजूने रिटर्न करायचा ते रिटर्न करणारी जोडी ठरवते, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक होतो. मॅच बहुतेकदा दीड तासात आटोपते. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष दुहेरी अजूनही पूर्ण तीन सेटची असते. शरीर असं वाचतं, पण खांदा, कंबर आणि गुडघे यांवर सर्व्ह आणि वाकण्याचा भार तसाच राहतो. बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती, तो अय्यंगार योगाने सावरला हे त्याने स्वतः वारंवार सांगितलंय. तुमच्या मुलाने आत्ताच रोज वीस मिनिटं कंबर आणि मांड्यांसाठी द्यावीत.

पण याच छोट्या स्वरूपाची दुसरी बाजू आहे, ती लपवून ठेवणं बरोबर नाही. दहा पॉइंटच्या टायब्रेकमध्ये चांगली जोडीसुद्धा दोन नशिबाच्या फटक्यांवर हरते. आणि डबल्सच्या खेळाडूंना आपली जागा कायम भांडून राखावी लागते. २००५ मध्ये नियम असे बदलायचं घाटत होतं की डबल्सवाल्यांना प्रवेशच मिळेना. तेव्हा ब्रायन बंधूंसह अनेक जण कोर्टात गेले, आणि तडजोडीतून वरची पद्धत आली. २०२५ मध्ये यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकली, फायनल सोडून सेट चार गेमचे केले आणि बहुतेक जागा सिंगल्सच्या मोठ्या नावांना दिल्या. विजेत्या जोडीला १० लाख डॉलर होते. मिश्र दुहेरीवर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्यांचा एक मोठा आठवडा त्यात गेला. तरी जिंकले कोण? सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी, दोघंही डबल्सचे. मला त्या दिवशी झोप लागली नाही आनंदाने.

आता तुमच्या मुलासाठी मला खरोखर योग्य वाटणारा रस्ता. अमेरिकेतलं विद्यापीठ. तिथल्या सांघिक सामन्यात आधी डबल्सच्या तीन लढती होतात, प्रत्येकी एकच सेट. त्यातल्या दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो, मग सिंगल्सच्या सहा लढती, आणि चार गुण झाले की सामना खिशात. तो डबल्सचा एक गुण अनेकदा सामना फिरवतो. म्हणून तिथले कोच डबल्स येणारा मुलगा शोधत असतात. आपला पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला आणि २०२४ मध्ये रित्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक टूरवरची) स्पर्धा जिंकला. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम मध्ये होती आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. शिक्षण होतं, शिष्यवृत्ती मिळाली तर खर्च निघतो, चार वर्षं रोज चांगल्या मुलांशी मॅच मिळतात, आणि बावीसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन ठरवता येतं. यासाठी बारावीचे मार्क आणि इंग्रजी लागतं, आणि सिंगल्सही लागतं, कारण संघात जागा मर्यादित असतात आणि बहुतेक मुलांना दोन्ही खेळावं लागतं. त्याच्या मॅचचे व्हिडिओ काढून ठेवायला आजपासून सुरुवात करा. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, उंचावर, पूर्ण कोर्ट दिसेल असा. नुसते जिंकलेले पॉइंट कापून पाठवू नका, सलग दोन-तीन गेम पाठवा.

तिकडे जाणं जमलं नाही तरी इथे डबल्सला मान आहे. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत गौरव नाटेकर आणि पेस यांनी दुहेरीचं सुवर्ण आणलं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर कांस्य जिंकली आणि २०१६ मध्ये दोघी रिओ ऑलिंपिकला खेळल्या. बार्शीहून रिओ होतं, तर देवगडहूनही होईल, असं मी माझ्या मुलांना सांगतो आणि मला ते खरंच वाटतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन समजून घ्या, प्रमाणपत्रं जपून ठेवा.

पावसाचं एक राहिलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कोर्ट नसतं, आणि घाटावरची मुलं नेमकी तेव्हाच पुढे जातात. मी पावसात मुलांना बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नेतो आणि दोघांना दहा फुटांवर समोरासमोर उभं करून नुसत्या व्हॉली खेळायला लावतो, चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. शंभर झाल्याशिवाय पाणी नाही. सप्टेंबर संपेपर्यंत त्यांचे हात असे होतात की ऑक्टोबरमध्ये कोर्टवर गेल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटतं. तुम्हाला जमलं तर जुलैत पंधरा दिवस त्याला घाट चढून कोल्हापूरला पाठवा, उघडीप मिळाली की खेळता येतं आणि जोडीदारही नवे भेटतात. आणि रॅकेटला नैसर्गिक गट, म्हणजे जनावराच्या आतड्याची तार, घातली असेल तर पावसाळ्यात ती काढून ठेवा, दमट हवेत ती फुगते आणि तुटते. सिंथेटिकवर चार महिने भागवा.

दसऱ्यानंतर त्याला माझ्याकडे एकदा घेऊन या, पैसे वगैरे काही नको. कणकवलीच्या मुलालाही आणा. दोघांना दोन्ही बाजूंनी खेळवून बघतो आणि जे दिसेल ते तोंडावर सांगतो. पण त्याआधी एक काम तुमचं आहे. तुमच्या प्रश्नात तुमच्या मुलाचं सगळं आहे, तुमच्या कलमांचं आहे, कोचांचं आहे, त्या दुसऱ्या मुलाच्या घरच्यांचं काहीच नाही. ते पैसे घालणार आहेत का, किती वर्षं, त्याला अमेरिकेला पाठवायची त्यांची तयारी आहे का, की बारावीनंतर तो इंजिनीअरिंगला जाणार हे त्यांच्याकडे आधीच ठरलंय? एखाद्या रविवारी कणकवलीला जा, त्याच्या आईजवळ बसा आणि विचारा.